टांगलेलं धाबं : महाविद्यालयाच्या आवारातल्या एका लाकडी शिल्पाचं प्रकरण

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर पट्ट्यातल्या एका कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाने नवी इमारत बांधली. प्रवेशद्वारातून आत आलं की तीन मजले उंचीची मोकळी जागा, दोन बाजूंनी उघडी, वर स्लॅब. वास्तुविशारदाने ती हवेसाठी आणि उजेडासाठी सोडली होती. संचालक मंडळातल्या निम्म्या लोकांना मात्र तिथे चार वर्गखोल्या दिसत होत्या. त्याच सुमारास एका माजी विद्यार्थ्याने गावातलं आपलं पडकं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर उतरवलं आणि त्यातलं सागवान महाविद्यालयाला देऊ केलं. त्या लाकडाच्या चाळीस कड्या, म्हणजे छत पेलणारी आडवी लाकडं, आज या मोकळ्या जागेत टांगलेल्या आहेत. त्या तिथे कशा पोचल्या आणि पोचल्यानंतर काय काय झालं, ते या प्रकरणात मांडलं आहे.

महाविद्यालय, माणसं आणि कामाची मापं अभ्यासासाठी बेतलेली आहेत. लाकडाचे गुणधर्म, वाऱ्याचं गणित, कायदा आणि खानदेशचं हवामान मात्र जसं आहे तसंच घेतलंय. असा प्रस्ताव उद्या कुणाच्याही टेबलावर येऊ शकतो. माझं म्हणणं आधीच सांगतो. टांगलेल्या शिल्पाचं जेवढं काम खालून दिसतं तेवढंच छताजवळ, न दिसणारं असतं. आणि उरलेलं सगळं कचेरीच्या कपाटात असतं. या महाविद्यालयाने पहिली दोन कामं चांगली केली.

खानदेशात धाब्याचं घर म्हणजे सपाट मातीचं छत. खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, पण दर पावसाळ्याआधी माती चोपावी लागते, म्हणून नवी पिढी ते उतरवून स्लॅब टाकते. लाकूड जुन्या बाजारात जातं. हे सागवान सातपुड्यातलं असणार, असं घरमालकाचे वडील सांगत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तळोद्याची नोंद खानदेशातला मोठा लाकूडबाजार अशी आहे आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या तिथेच बनत असंही त्यात म्हटलंय. तेव्हा म्हातारबांचं सांगणं खोटं मानायचं कारण नाही.

कड्या साधारण २.४ मीटर लांब, १० सेंटिमीटर चौकोनी. धुराने काळ्या पडलेल्या, कुठे खिळे, कुठे पाळणा टांगायच्या लोखंडी गोल कड्यांच्या खुणा. ट्रॅक्टरमध्ये भरून आणायच्या आधी ग्रामपंचायतीचा दाखला घेतला आणि वनविभागाच्या कार्यालयात विचारणा केली. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ४१ नुसार इमारती लाकडाच्या वाहतुकीवर नियम घालायचा अधिकार राज्याला आहे. 'जुन्या घराचं आहे, त्याला काय विचारायचं' असं म्हणून निघालेला ट्रॅक्टर नाक्यावर अडकला की समारंभाची तारीख हुकते. हे कागद करायला वेळ गेला, पण गेलेला बरा.

आता मूळ वादाकडे. माजी विद्यार्थी संघाला संस्थापकांचा अर्धपुतळा हवा होता. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ मध्ये जन्मलेल्या राम सुतारांनी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला. शिल्प म्हणजे पुतळा हे समीकरण आपल्या भागात अभिमानानेच पक्कं झालं आहे. प्राचार्यांचं मत वेगळं होतं. पुतळा आला की हार आले, जयंती आली, मग दुसऱ्या गटाचा दुसरा पुतळा आला. आवारात वादाचं आणखी एक ठिकाण त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी धुळ्याकडच्या एका शिल्पकार बाईंना बोलावलं.

बाईंचा पहिला आराखडा सुगरणीच्या खोप्याचा होता. जळगाव जिल्ह्यात लाकूड आणि टांगणं हे दोन शब्द एकत्र आले की खोपा सुचतोच, आणि म्हणूनच तो त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला. दुसरा आराखडा असा : त्याच कड्या, ना कोरीव काम, ना रंग. त्या आडव्या टांगायच्या, पण प्रत्येक वेगळ्या उंचीवर. प्रवेशद्वारातून मान वर केली की सुटं सुटं झालेलं धाबं दिसावं आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं की त्याच कड्यांची पश्चिमेकडे उतरत जाणारी वळणदार रेघ दिसावी, तापीसारखी. मला या आराखड्यातली पहिली अर्धी गोष्ट दुसरीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. नदी सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. धाबं मात्र गावाकडून येणाऱ्या मुलांना न सांगता कळतं.

बैठकीत विरोधाचा पहिला मुद्दा आला तो वास्तुशास्त्राचा. तुळईखाली बसू नये, झोपू नये, असं घरोघरी मानतात; मग चाळीस तुळया मुलांच्या डोक्यावर? दुसरा मुद्दा, पडक्या घराचं लाकूड शुभ कसं. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी या मुद्द्यांना हात न घालता काराकासचं उदाहरण काढलं. व्हेनेझुएलाच्या केंद्रीय विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात १९५३ पासून अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराने कल्पिलेले प्लायवुडचे प्रचंड रंगीत 'ढग' छताखाली टांगलेले आहेत, आवाज नीट पसरावा हे कामही ते करतात आणि ते सगळं आवार २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. हाच काल्डर १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाईंकडे येऊन राहिला होता, हेही त्यांनी सांगितलं. मंडळावर परिणाम झाला तो बहुधा अहमदाबादचा. ते ओळखीचं गाव. मात्र या उदाहरणातला एक भाग बैठकीत कुणी विचारला नाही. काराकासचे ढग ध्वनितज्ज्ञ आणि अभियंत्यांच्या हिशेबाने टांगलेले आहेत आणि ते बंद सभागृहात आहेत. इथे दोन बाजूंनी वारा येणार होता. अखेर तडजोड झाली : खाली बाकं ठेवायची नाहीत, तो फक्त जाण्यायेण्याचा रस्ता राहील. वास्तूवाल्यांचं समाधान झालं आणि योगायोगाने सुरक्षिततेचंही थोडं काम झालं.

जागेवरून मात्र खरी रस्सीखेच झाली. शिल्पकार बाईंना सुरुवातीला हे सगळं बाहेर हवं होतं, जुनी आणि नवी इमारत यांच्यामधल्या १६ मीटर रुंद चौकात, या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत ताणलेल्या दोरांवर. चित्रात ते फार सुंदर दिसत होतं. संरचना अभियंत्याने, तेही याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, कागदावर दोन हिशेब केले आणि चौक रद्द झाला.

पहिला हिशेब वजनाचा. वाळलेल्या सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो. एक कडी भरते साडेपंधरा किलोच्या आसपास, चाळीस मिळून सव्वासहाशे. कड्या जिला टांगायच्या ती लोखंडी जाळी आणि दोर धरून एकूण ८०० किलो. आता हे ओझं १६ मीटरच्या दोराला मध्यभागी लटकलंय आणि दोर फक्त एक मीटर झोल खातोय असं धरा. दोराचा आडव्याशी कोन जेमतेम सात अंश होतो आणि ताण निघतो सव्वातीन टनांच्या घरात, म्हणजे वजनाच्या चौपट. तो ताण दोन्ही गच्च्यांचे कठडे आतल्या बाजूला ओढणार. जुनी इमारत विटांची. दोर जितका सरळ दिसायला हवा तितका ताण वाढतो. सौंदर्य आणि भिंत यांच्यातला हा सौदा डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग मीटर-सेकंदात घेऊन वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरच्या झोताला हा दाब ५४० न्यूटन येतो. चाळीस कड्यांची एका बाजूची उभी पाठ साडेनऊ चौरस मीटरच्या वर भरते. सगळ्या कड्यांना वारा सारखाच लागला असं धरलं तर बाजूने अर्ध्या टनाहून जास्त रेटा. सव्वासहाशे किलोचं लाकूड त्या रेट्याने चाळीस अंशांपर्यंत झुलू शकतं. हे कागदावरचं टोक आहे हे खरं, पण मे-जूनमधल्या वादळात यावल-रावेरच्या केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते इथल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. संचालकांपैकी दोघे स्वतः केळीवाले. त्यांना सूत्र समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यामुळे शिल्प आत आलं. छतातही तसाच चिकित्सकपणा केला गेला, आणि या प्रकरणातला मला सर्वांत पटलेला निर्णय इथलाच आहे. ठेकेदार म्हणाला, स्लॅबला खालून भोकं पाडू, रसायन भरू, बोल्ट बसवू, दोन दिवसांचं काम. अभियंत्याने नकार दिला. २००६ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बोगद्यातलं काँक्रीटचं छत कोसळून मोटारीतल्या एका बाईंचा जीव गेला होता. तिथे इपॉक्सीत बसवलेले बोल्ट सतत खाली ओढणाऱ्या वजनाखाली हळूहळू सरकत बाहेर आले होते. सगळीच रसायनं तशी नसतात. पण जळगाव-भुसावळकडचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो आणि तापलेल्या स्लॅबमधल्या रसायनावर रात्रंदिवस लोंबणारं ओझं ठेवायला कुणी सांगितलंय? त्यांनी बीम निवडले, आतल्या सळ्या यंत्राने शोधल्या आणि बीमच्या मध्यउंचीवर आरपार बोल्ट घेतले.

दोर आठ. सरळ भागाकार केला तर एकेका दोरावर १०० किलो. अभियंत्याने तसं धरलं नाही. ताठ जाळी आठ ठिकाणी टांगली की दोरांच्या लांबीत थोडा फरक पडला तरी दोनच दोर सगळं वजन उचलतात आणि बाकीचे शोभेला राहतात. म्हणून प्रत्येक दोर ४०० किलोला आणि वर पाच पट सुरक्षितता धरून दोन टनांना तुटणार नाही असा हवा होता. ८ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा दोर तीन टनांहून जास्त पेलतो. खर्चात फरक किरकोळ पडला.

लाकूड टांगायचं कसं यावर मात्र अभियंता अडला आणि सुतार मिस्तरींनी सोडवलं. पहिला विचार होता, कडीला आरपार भोक पाडायचं आणि बोल्ट वायसर लावून कसायचा. मिस्तरी शिल्पकार बाईंना म्हणाले, "ताई, उन्हायामा चाक ढिलं पडस, पानीमा टाकं का घट व्हस." बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून बसवतात, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, धाव सैल होते आणि शेतकरी चाक पाण्यात भिजवतो. कडीचंही तेच होणार. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर असते. दीर्घकाळ तशी हवा मिळाली तर लाकडातला ओलावा पाच टक्क्यांपासून सोळा टक्क्यांपर्यंत हलू शकतो. सागवान आक्रसण्यात तसं शहाणं लाकूड, तरी १० सेंटिमीटरच्या कडीत आडव्या अंगाला दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. ऑगस्टमध्ये कसलेला बोल्ट मेमध्ये खुळखुळणार. मेमध्ये कसला तर पावसाळ्यात फुगणारं लाकूड वायसरखाली स्वतःलाच चिरडणार आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी सैल होणार. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही.

उपाय निघाला पाळण्याचा. पट्टीचे दोन पाळणे, कडी त्यांत नुसती ठेवलेली, वर थोडी फट, आणि सरकू नये म्हणून एका टोकाला आडवी पिन. भोक एकच, तेही पिनेपुरतं. भोक पाडायच्या आधी जुने खिळे हुडकून काढले, कारण एका खिळ्यात ड्रिलचं पातं जातं आणि मिस्तरींचा दिवसही. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. त्या वेळी तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, हे मुलांना बजावून सांगावं लागलं. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवली.

टांगायचं काम परांची बांधून दिवाळीच्या सुट्टीत झालं. उद्घाटनाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, भाषणं झाली.

स्वागत मिळालं ते संमिश्र. शिपाई मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, हाई डोकावर पडनं ते?" हा प्रश्न पुढे अनेक पाहुण्यांनी प्रमाण मराठीत विचारला. मुलं खाली उभी राहून फोटो काढू लागली. कबुतरांनीही कड्यांची दखल घेतली. आडवी, सावलीतली, माणसाच्या हाताबाहेरची चाळीस आसनं त्यांना आयती मिळाली होती. दोन महिन्यांत खालची फरशी पांढरी. पक्षी अडवायची जाळी लावावी तर शिल्प दिसेना, कड्यांच्या पाठीवर बारीक तार ताणावी तर पुन्हा परांची. आराखड्याच्या वेळी हा प्रश्न एखाद्या झाडूवाल्या मावशींना विचारला असता तर उत्तर फुकट मिळालं असतं.

मग स्नेहसंमेलन आलं. कड्यांच्या लोखंडी जाळीची एक कड दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपासून जेमतेम दोन फुटांवर येते. तिथूनच ती नदी बघायची असते ना. विद्यार्थी मंडळाच्या मुलांनी बांबूच्या आकड्याने जाळीला नायलॉनचा दोर अडकवला आणि ६ बाय ३ मीटरचा फ्लेक्स सोडला. सोबत दिव्यांच्या माळा. परवानगी कुणी दिली याचा शोध पुढे घेतला तेव्हा साखळी निघाली ती अशी : मुलांनी वायरमनला विचारलं, वायरमनने शिपायाला, शिपायाने सांस्कृतिक विभागाच्या सरांना, आणि सरांना वाटलं माळांबद्दल विचारतायत. संमेलन झालं, परीक्षा आल्या, फ्लेक्स तसाच राहिला. १८ चौरस मीटरच्या कापडावर सेकंदाला १५ मीटरचा साधा झोत आला तरी सुमारे २५० किलोचा रेटा बसतो. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. फ्लेक्स फाटला, पण फाटायच्या आधी त्याच्या दोराने शेवटच्या ओळीतली एक कडी पाळण्यातून उचलली. ती एका बाजूने निसटली आणि पिनेवर तिरकी लोंबत राहिली. सुट्टी होती, खाली कुणी नव्हतं. एका पिनेने वेळ निभावून नेली.

मुलांवर कारवाई करावी असं काही प्राध्यापकांचं मत पडलं. मला ते पटत नाही. रिकामा हूक दिसला की माणूस त्याला काहीतरी अडकवणारच, आणि 'याला काही बांधू नये' असा एक शब्दही कुठे लिहिलेला नव्हता. गॅलरीपासूनचं अंतर दोन फुटांऐवजी सहा असतं तर आकडा पोचला नसता. तो दोष आराखड्याचा आणि तो मंजूर करणाऱ्या सगळ्यांचा.

खरी गंमत त्यानंतर झाली. तिरकी कडी सरळ करायची तर खर्च टाकायचा कुठे? डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काढलं. देणगीतून आलेल्या वस्तूची नोंद करावीच लागते म्हणून लिपिकाने ती केली होती : 'लाकडी फर्निचर (टांगते), १ नग'. शिल्पाला सदर नव्हतं, लाकूड होतं, म्हणून फर्निचर. त्यात त्याचं काय चुकलं? पण त्या एका नोंदीने पुढचं सगळं ठरलं. दुरुस्ती फर्निचरच्या किरकोळ खर्चातून मंजूर झाली आणि फर्निचरची किरकोळ कामं ज्या ठेकेदाराकडे असतात तोच आला. त्याने शिडी लावली, कडी पाळण्यात ढकलली आणि बांधकामाच्या बारीक तारेने आवळून टाकली. बिल मंजूर झालं. मूळ अभियंत्याला कुणी कळवलं नाही, कारण फर्निचरसाठी अभियंत्याला कळवत नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगलं, तार आत रुतली. काही महिन्यांनी अभियंता मुलाच्या प्रवेशासाठी सहज आले आणि त्यांनी वर पाहिलं, तेव्हा हे उघड झालं.

मधल्या काळात प्राचार्य निवृत्त झाले. नव्या प्राचार्यांना शिल्पाबद्दल मिळालेली कागदपत्रं म्हणजे उद्घाटनाची पत्रिका आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, अहवालातला एक रंगीत फोटो. दोरांची मापं, पाळण्याचं चित्र, कशाची तपासणी किती दिवसांनी करायची, यातलं काहीच नाही. ते सगळं अभियंत्याच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर होतं. नव्या प्राचार्यांनी ते मागवून घेतलं, दर वर्षी दोनदा, एप्रिलअखेर आणि दिवाळीला, तपासणी करायचं ठरवलं आणि गॅलरीत पाटी लावली. हे सगळं योग्य झालं. पण प्रत्येक तपासणीला परांची बांधायची म्हणजे दरवेळी तोच खर्च आणि चार दिवस प्रवेशद्वार बंद.

त्यातून आता शेवटचा प्रस्ताव पुढे आलाय, आणि माझ्या मते तो पहिल्या दिवशी यायला हवा होता. जुन्या वाड्यांतली झुंबरं दिवे लावायला दोरीने खाली घेता यायची. इथेही जाळीच्या चार कोपऱ्यांना चेनपुली लावून सगळं शिल्प कमरेइतकं खाली घेता येईल, म्हणजे मावशी पुसतील, मिस्तरी बघतील, तारा लागतील. अभियंत्याची अट एकच : वर नेल्यावर वजन पुन्हा आठ दोरांवर यायला हवं, चेनपुली कायमचं ओझं धरायला नसते. शिल्पकार बाईंची हरकत, साखळ्या दिसतील. मला विचाराल तर दिसू देत. धाब्याच्या कड्यांना साखळ्या लोंबायच्याच. बाई अजून तयार नाहीत, आणि त्यांच्या संमतीशिवाय रचनेत बदल करायचा की नाही यावर करारात ओळ नाही, कारण करारच नाही.

तोवर मधला रस्ता बंद आहे, मुलं बाजूच्या दाराने ये-जा करतात. तारेने आवळलेली कडी मोकळी केली आहे. चेनपुलीचं दरपत्रक फायलीला लागलंय. त्यावर प्राचार्यांनी शेरा मारलाय, 'पावसाळ्यापूर्वी निर्णय व्हावा', आणि त्याच्या शेजारी लेखापालांनी पेन्सिलीने विचारलंय, 'खर्च कोणत्या सदराखाली?'